डॅशबोर्डवरचे बाप्पा

आमच्या ह्यांचा डबा संध्याकाळी रिकामा परत येतो, पण सोबत एक किस्सा हमखास असतो! हवाई दलातून निवृत्त झाल्यावर हे इथे उत्तरेतच, सेक्टर १७ मधल्या एका भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीत सेफ्टी बघायला लागले. तेव्हापासून माझ्या जपाच्या माळेत किस्सेच जास्त ओवले जातात.

*

पहिल्याच दिवशी ह्यांनी एका गाडीतलं आग विझवायचं सिलेंडर उचललं. फुलासारखं हलकं!

"मल्होत्राजी, यह तो खाली है."

मालक हसले. "खाली है, तभी तो फटेगा नहीं!"

हे रात्री जेवताना मला सांगत होते.

*

मग मागच्या सीटचे बेल्ट सापडेनात. नव्या मखमली कव्हरांखाली गाडलेले! ह्यांनी ब्लेडने कव्हर चिरलं, तर ड्रायव्हर गुरमीत मध्ये हात घालून, "सरजी, पीछे बेल्ट कौन लगाता है?"

"हात काढ!" हे चक्क मराठीत ओरडले.

गुरमीतने काढला.

*

दसऱ्यानंतरच्या सोमवारी माझा उपास. दुपारी ह्यांचा फोन, आवाज अगदी बारीक. "हळदकुंकू, अक्षता घेऊन ऑफिसात येतेस?"

दसऱ्याला मालकांनी प्रत्येक गाडीत पितळी गणपती चिकटवले होते, नेमके एअरबॅगच्या झाकणावर. धडक बसली की मूर्ती थेट माणसाच्या तोंडावर! गाड्या लगेच वऱ्हाड घेऊन कसौलीला निघणार होत्या. सिलेंडर अजून रिकामेच. हे सेफ्टीच्या कागदावर सही करेनात. मालक म्हणत होते, "साइन करो, या कल से घर बैठो." आणि मूर्तीला हात लावायची एकाही ड्रायव्हरची छाती होईना.

मी पोचल्यावर मालकांना म्हटलं, "भाईसाहब, हमारे यहाँ बाप्पा को पूजा करके विदा करते हैं. मैं करती हूँ."

ड्रायव्हरांनी डोक्यावर रुमाल घेतले. एकेका गाडीत अक्षता वाहिल्या, मूर्ती जराशी हलवली, हात जोडले. मगच ह्यांनी ती उचलली.

शेवटी मालकांची घरची गाडी. त्यांची मुलगी कॉलेजला जाते ती. मी दार उघडलं.

डॅशबोर्ड मोकळा. बेल्ट कव्हरच्या वर. ह्यांनी सिलेंडर उचललं. चांगलं जड!

मुठीतल्या अक्षता मी मालकांच्या हातावर ठेवल्या. "भाईसाहब, ये बच गए."

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग मूठ मिटली.

"गुरमीत, बारातवालों को फोन लगा. बोल, गाड़ियाँ मैंने रोकी हैं."