पुसून घेतलेला आवाज

स्केटबोर्डच्या एका व्हिडिओ गेमसाठी जुनी पंक गाणी, म्हणजे विलायतेतली बंडखोर, आरडाओरड्याची गाणी, नव्या बँडांकडून पुन्हा वाजवून घ्यायची, असं एका कंपनीनं ठरवलं होतं. त्यातलं एक गाणं आमच्या वाट्याला आलं. आम्ही तिघं. मी बेस गिटार वाजवायचो, एक मित्र ड्रम्स, आणि गिटार नि गळा दोन्ही आमच्या मैत्रिणीचं. तिच्या घरची नाशिकजवळ मखमलाबादकडे फुलशेती. फूलबाजारात ओरडून गिऱ्हाईक ओढायची सवय, त्यामुळे माइक नसला तरी तिचं अडत नसे. सातपूरला ड्रमरच्या वडिलांच्या बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये आमचा सराव चाले.

गाणं आमच्या जन्माआधीचं. ज्यांनी ते केलं त्यांना धड वाजवता येत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. नोकरी नाही, घरमालक दारात उभा, सरकारवरचा संताप. सगळं त्यांनी चहा निवायच्या आत ओरडून संपवलं होतं.

रेकॉर्डिंगला कंपनीचा संगीतप्रमुख मुंबईहून आला. त्याची जीन्स कारखान्यातूनच फाटून आलेली होती आणि टी-शर्टवर, जुने पंकवाले कपड्यांना लावत तशा सेफ्टी पिनांचं चित्र छापलेलं होतं. खरी पिन बहुधा टोचली असती. पंक हे आपलं पहिलं प्रेम असल्याचं त्यानं चहा यायच्या आतच सांगून टाकलं. मग कामाचं बोलला. गाण्यातली शिवी काढायची, कारण गेम घरातले सगळे खेळणार. ड्रम्स कॉम्प्युटरच्या ठोक्यावर बसले पाहिजेत. आणि मैत्रिणीकडे वळून म्हणाला, ‘‘राग असू दे, पण ऐकणाऱ्याला त्रास नको.’’

तिनं शांतपणे विचारलं, ‘‘त्रास व्हायचा नसेल, तर राग कशाला?’’

तो हसला, छान बोलता म्हणाला. तिनं शिवी गाळली, पण गायली मात्र आपल्याच पद्धतीनं.

काही आठवड्यांनी तयार गाणं आलं. तिचा एकेक सूर मशीननं जागेवर बसवला होता. श्वास काढून टाकले होते. जिथे तिचा आवाज फाटायचा, आणि ज्या जागेची आम्ही दोघं वाजवताना वाट बघायचो, तिथे फिनाइलनं फरशी पुसावी तसं गुळगुळीत झालं होतं. इतर बँडांची गाणीही मी ऐकली. एकानं दंगलीवरच्या गाण्याची शांपूची जाहिरात करून टाकली होती. दुसऱ्यानं बेकारीचं गाणं प्रेमभंग झाल्यासारखं कण्हत म्हटलं होतं. सगळे बंडखोर, आणि सगळ्यांचे केस नीट बसलेले.

गेम बाजारात आणायचा कार्यक्रम शहरातल्या एका मॉलमध्ये झाला. स्टेजशेजारी स्केटबोर्डसाठी लाकडी उतार बांधला होता आणि त्याच्याभोवती दोरी लावली होती. बोर्ड घेऊन आलेल्या मुलामुलींना वॉचमननं दारातूनच परत पाठवलं. उतार फोटोपुरता होता. आम्हालाही स्टेजमागे सांगितलं, की गाणं रेकॉर्डवर लागेल, तुम्ही नुसता अभिनय करा. गिटारच्या वायरी कशालाही जोडलेल्या नव्हत्या. मैत्रिणीनं गिटार गळ्यात अडकवली. मला वाटलं, मान्य केलंय तिनं.

गाणं सुरू झालं आणि ती माइकसमोर ओठ मिटून उभी राहिली. गिटारवरचा हातही खाली सोडला. तिचाच धुतलेला आवाज मॉलभर घुमत होता आणि ती समोरच्या गर्दीकडे बघत होती. माझी बोटं थोडा वेळ सवयीनं हलली, मग मीही थांबलो. ड्रमर तेवढा शेवटपर्यंत हात मारत राहिला. त्याचे आईवडील पहिल्या रांगेत होते. लोक मोबाइल उंच धरून शूटिंग करत होते. गाणं संपलं तशा दणकून टाळ्या पडल्या.

संगीतप्रमुख धावत आला. लाइव्ह तर तुम्ही अजूनच भारी वाटलात, म्हणाला.

‘‘सर, मी तोंडच उघडलं नव्हतं,’’ ती म्हणाली.

 तो लगेच म्हणाला, हाच तर खरा पंक! कंपनीच्या सोशल मीडियाच्या पानावर तिचा मिटल्या तोंडाचा फोटो झळकला, खाली ‘नाशिकचा बुलंद आवाज’. शेकडो माणसांनी बदाम टाकले. 

पुढच्या रविवारी सातपूरला तिनं तेच गाणं शिवीसकट म्हटलं. आवाज फाटला तेव्हा ड्रमर हसला आणि त्याचा ठोका चुकला. तेवढ्यात शेजारचा वेल्डिंगवाला आला आणि हा कालवा बंद करा, त्रास होतो म्हणाला. त्या गाण्याबद्दल इतकं खरं आमच्याशी दुसरं कुणीच बोललं नव्हतं. आम्ही शटर ओढून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.