दौंड स्टेशनवरचा आप्पांचा सॅल्यूट

आधीच सांगून ठेवते... आमच्या बौद्ध घरात अंगारे-धुपारे, भगत, भूतखेत यांना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. त्यात मी जन्मभर नर्सची नोकरी केली, मोडलेली हाडं रोज पाहिली. तरी १९७६ साली दौंड स्टेशनवर भरदुपारी जे पाहिलं, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचे. माझे वडील, आप्पा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. गावात कुणी म्हटलं, "आप्पा, एक सॅल्यूट होऊन जाऊ द्या," की ते ताडकन सावधान उभे राहायचे, पण हात मांडीला चिकटलेलाच.

"अंगावर वर्दी न्हाई, डोक्याला टोपी न्हाई, तर हात उचलायचा न्हाई. सावधान व्हायचं आन् जय हिंद म्हणायचं. बास."

पुढे ते बैलगाडीवरून पडले आणि उजव्या खांद्याचं हाड असं काही वेडंवाकडं जुळलं की हात छातीच्या वर जाईना. चहाचा कप डाव्या हातात, केस विंचरायला आई. "चला, आता नियमाचं आणि खांद्याचं एकमत झालं," असं मी चिडवायची. तेही हसायचे.

माझा भाऊ अशोक फौजेत शिपाई म्हणून भरती झाला आणि परीक्षा देत देत अधिकारी झाला. हवालदाराचा पोरगा साहेब झाला, गावभर पेढे वाटले. पण समारंभाचं बोलावणं आलं तेव्हा आप्पा गेलेच नाहीत. कांदा काढायचाय म्हणाले. खरं कारण आईला ठाऊक होतं.

"तिथं फौजेतले बाप डोक्याला टोपी घालून साहेब झालेल्या पोराला सॅल्यूट ठोकत्यात," ती चुलीपुढं मला म्हणाली. "ह्यांचा हात कुठं जातोय वर? त्याच दुःखानं झुरत्यात बघ."

मग अशोक सुट्टीवर निघाला. आम्ही तिघं एसटीनं दौंडला घ्यायला गेलो. आप्पांचा इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, नवरदेवासारखा थाट! गाडीचा धूर दिसला तशी त्यांनी डाव्या हातानं टोपी काढून आईला दिली.

"आवो, ऊन हाय," आई म्हणाली.

"ठेव पिशवीत."

आईनं टोपी पिशवीत घातली, वर भाकरीचं फडकं ठेवलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. मला सगळं उमगलं. डोकं उघडं, म्हणजे सॅल्यूटचा प्रश्नच मिटला. खांदा कुणाला दिसायला नको. मला हसूही आलं आणि रडूही.

अशोक पूर्ण वर्दीत उतरला. आप्पांनी टाचा अशा जुळवल्या की हमाल वळून बघायला लागले.

"जय हिंद, साहेब."

अशोक पाया पडायला वाकणार, तेवढ्यात आप्पांचा उजवा हात वर गेला... सरळ, झोकात, बोटं थेट भुवईपाशी. चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नाही. आणि बोटांच्या वरच टोपीची कड होती. पांढरी टोपी... डोक्यावर!

अशोकनंही कडक सॅल्यूट दिला. मी पिशवी उघडली. भाकरी होती, फडकं होतं, टोपी नव्हती. आई माझ्याकडे बघतेय, मी आईकडे.

हात खाली आला तो आला. पुन्हा कधी छातीच्या वर गेला नाही.

परतीच्या एसटीत आप्पा म्हणाले, "चुकलंच माझं. वर्दी कुठं व्हती अंगावर?"

"टोपी होती ना, आप्पा? अधिकारी म्हणून सांगतो, चालतं."

"व्हय, साहेब," म्हणून आप्पा असे हसत सुटले की कंडक्टरनं विचारलं, "काय मामा, पोराचं लग्न ठरलं काय?" इतकं आनंदात मी त्यांना आधी कधीच पाहिलं नव्हतं.

टोपी कुणी घातली, हे मी नंतर आप्पांना खूपदा विचारलं. "मला काय ठावं? माझं ध्यान पोराकडं," एवढंच ते म्हणायचे. आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, आनंदाच्या भरात एखादे वेळी हात उचलला जाऊ शकतो. टोपीचं विचारलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

मात्र ज्यानं कुणी हे केलं, त्याला पलटणीचा नियम पाठ होता — त्यानं आधी टोपी घातली, मग हात उचलला.