अर्ध्या वाटेवरचा कुकर

जिन्यात बसले, एवढाच माझा गुन्हा. बोरीवलीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी राहते तिसऱ्या मजल्यावर. गेल्या दिवाळीत कॅनडाहून आलेल्या माझ्या मुलीने मला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल लावला. घर विकायचं आणि मी तिच्याकडे जाऊन राहायचं.

मी आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होते. माझ्यापेक्षा दुप्पट वजनाची माणसं खाटेवरून स्ट्रेचरवर घेतली आहेत. तिचे बाबा गेल्यापासून एकटी राहते आणि मला ते आवडतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात, चहा करताना तेवढी सोबत मला पुरते. रिडेव्हलपमेंट झाली की लिफ्ट येणारच आहे, असं मी म्हणायचे. मी शाळेत होते तेव्हापासून तू हेच म्हणतेस, असं ती ऐकवायची. दोघी सारख्याच हट्टी. खाण तशी माती.

पैज लागली ती व्हिडिओ कॉलवर. तिकडे उन्हाळ्यात मुलगी आणि जावई कनू घेऊन जंगलात जातात. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी होडी. त्या जंगलात तळ्यामागून तळं आहे, पण मध्ये मध्ये जमीन. एक तळं संपलं की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची, सामान पाठीवर घ्यायचं आणि झाडीतून चालत पुढचं तळं गाठायचं. त्या चालण्याला पोर्टेज म्हणतात. होडीने माणसाला न्यायचं सोडून माणसानेच होडीला न्यायचं, हा उलटा कारभार मला फार आवडला. मी म्हटलं, मलाही यायचंय. मुलगी हसली आणि म्हणाली, तुला झेपणार नाही.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी येते आणि माझी बॅग सगळीकडे माझ्याच पाठीवर. नाही जमलं तर घराच्या कागदांवर तू म्हणशील तिथे सही करीन. ती पण माझीच मुलगी. म्हणाली, जमलं तर घराचा विषय पुन्हा काढणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या कॉलेजच्या जुन्या सॅकमध्ये पाच किलो गहू भरले आणि जिना चढायला लागले. तीनदा वर, तीनदा खाली. पंधरा दिवसांनी सात किलो, मग दहा. वॉचमनने आठवडाभर पाहिलं आणि शेवटी विचारलं, रोज काय नेता? गहू, म्हटलं. मग रोज परत का आणता? मी पुढचा जिना चढायला लागले. पहाटे तीच सॅक घेऊन पार्कात जायचे तेव्हा फिरायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, अगं, या वयात ट्रेक? त्यांना मी गिरणी शोधतेय असं सांगायचे. गुडघा संध्याकाळी ठणकायचा. शेकायचे, पट्टा बांधायचे आणि कुणाला सांगायचे नाही. मुलीला तर मुळीच नाही.

जूनमध्ये गेले. माझ्या सामानात दोन लिटरचा कुकर होता, त्यावरून पहिला खटका उडाला. ती दोघं सुकवलेल्या जेवणाची पाकिटं घेऊन जातात. जावई मूळचा मुलुंडचा, स्वभावाने शांत. त्याने मला समजावलं की प्रत्येक वस्तू प्रत्येक पोर्टेजला उचलावी लागते, तिकडे लोक चमचासुद्धा विचार करून घेतात. मी म्हटलं, तीन दिवस मी पाकिटातला भुसा खाणार नाही. माझा कुकर, माझी डाळ, माझे तांदूळ, माझ्या पाठीवर.

पाण्यावर मी खूश होते. मला मधे बसवलं होतं, पण तासाभरात मी वल्हं मागून घेतलं. एवढं पाणी आणि त्यावर माणूस नाही, आवाज नाही. आमच्याकडे पाणी म्हटलं की टाकी कधी भरेल हाच विचार. पहिलं पोर्टेज छोटं होतं, चिखलाचं. दुसरं दगडांचं. दोन्ही झाली. होडीचा आडवा दांडा जावयाच्या मानेला रुतत होता, तेव्हा मी टॉवेल गुंडाळून त्याला चुंबळ करून दिली. बायका डोक्यावर हंड्याखाली घेतात तशी. तो म्हणाला, आई, हे आम्हाला इतकी वर्षं कसं सुचलं नाही?

तिसरं पोर्टेज सगळ्यात लांब, दीड किलोमीटरचं, आणि शेवटी चढ. खरी परीक्षा तीच, हे आम्हा दोघींना माहीत होतं. निम्म्या वाटेवर एक मोठं झाड आडवं पडलं होतं. तिथे सगळ्यांनी सामान टेकवलं. जावई कनू घेऊन पुढे गेला. मी झाडीमागे लघवीला जाऊन आले. मुलीने बॅग उभी धरली, मी पट्ट्यांत हात घातले आणि उठले.

आणि काय सांगू, उरलेली वाट मी नाचत गेले. पाय हलके, दम शाबूत. चढ कधी संपला कळलंच नाही. मला वाटलं, जिन्यातले गहू आता कामाला आले. पुढच्या तळ्यावर पोचल्यावर मी जावयाला गव्हाची सगळी कथा सांगितली, वॉचमनसकट. इतकी बडबड मी वर्षात केली नसेल. मुलगी तंबूचे दोर बांधत होती, मान खाली घालून.

संध्याकाळी, अजून चांगला उजेड होता, मी भात लावायला उठले. बॅग उघडली. कुकर नाही. डाळ नाही, तांदूळ नाहीत. एवढं मोठं भांडं पडतं कुठे? मग मुलीची बॅग नजरेला पडली, तिला आलेला गोल फुगवटा दिसला आणि त्या आडव्या झाडापाशी काय झालं ते कळलं.

रागापेक्षा लाज जास्त वाटली. जन्मभर हाताने वजनं ओळखली आणि स्वतःच्या पाठीवरचं ओळखलं नाही. त्यात वर बढाया मारल्या. तिच्या बॅगेतून कुकर काढला, भात केला. तिघांनी गुपचूप खाल्ला.

सकाळी चहा झाल्यावर मी कुकर, डाळ, तांदूळ परत माझ्या बॅगेत भरले, बॅग पाठीवर घेतली आणि आल्या वाटेने उलटी चालू लागले. मुलगी धावत आली. कुठे निघालीस, म्हणाली. मी म्हटलं, त्या झाडापर्यंत. अर्धी वाट माझी राहिली आहे, ती चालून येते. तिने जावयाकडे पाहिलं. तो होडीजवळ बसला आणि शहाण्यासारखा पाण्याकडे बघत राहिला.

जाताना उतार होता, बरं चाललं. झाडाला हात लावला, मागे वळले. मुलगी दहा पावलं मागे होती. येताना चढाच्या पायथ्याशी गुडघ्याने साथ सोडली. कळ थेट मांडीपर्यंत गेली. मी दोन पावलं टाकली, तिसरं टाकवेना. थांबले. तीही थांबली. तिने हात पुढे केला नाही. तिला ते किती कठीण जात होतं, ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी बॅग उतरवली, कुकर काढला आणि तिच्यासमोर धरला.

"हा घे. आता जड झाला."

तिने घेतला. विचारलं, "मग घराचं काय?"

"घराचंही असंच. जड झालं की मी सांगेन. मी सांगायच्या आधी माझ्या बॅगेतून काही काढायचं नाही."

ती रडायला लागली, कुकर पोटाशी धरून. "तू सांगत नाहीस गं, आई. कधीच सांगत नाहीस. बाबांचंसुद्धा तू मला शेवटच्या आठवड्यात सांगितलंस."

हे खरं होतं. मी नर्स, मी बघून घेईन, पोरीची तिकडे नवी नोकरी, असं म्हणत राहिले आणि ती विमानात असतानाच ते गेले. इतक्या वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. जिन्यात बसलेल्या मला पाहून ती का घाबरली, ते मला त्या चढावर कळलं. फार वाईट वाटलं. तिची माफी मागायला हवी होती, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आत्ता सांगितलं ना?" मी म्हटलं.

तिने नाक पुसलं, मान हलवली. मग ती कुकर घेऊन पुढे आणि मी लंगडत मागे, अशा आम्ही चढून गेलो.

पैज कोण जिंकलं ते आम्ही ठरवलं नाही. मी अजून तिसऱ्या मजल्यावर राहते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सोसायटीला सांगून एक खुर्ची ठेवून घेतली आहे. दर रविवारी मुलीचा फोन येतो आणि मी सगळं खरं सांगते. आज एकदाच बसले. आज दोनदा बसले, आणि गुडघ्याला सूज आहे. ती ऐकून घेते. मग म्हणते, "बरं." आणि घराचं काही बोलत नाही.