मापाचा ब्लाउज

माझी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे. मागच्या हिवाळ्यापासून तिची छाती माझ्याहून वीस वर्षांनी लहान झाली आहे. हे वाक्य पहिल्यांदा मनात आलं तेव्हा मला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा नाही आलं.

"दोघींचं माप एकच," असं आई म्हणायची. चौदा एप्रिलला, जयंतीला, आमच्याकडे बायका पांढरी साडी नेसतात. आई दरवर्षी आम्हा दोघींसाठी एकाच ताग्यातलं पांढरं कापड घ्यायची आणि मापाला टेलरकडे एकच ब्लाउज द्यायची, माझा. बहीण लग्न होऊन अकोल्याला जुन्या शहरात गेली, पुढे आई गेली, तरी ही रीत मोडली नाही. मार्च लागला की मी इथे अमरावतीत, राजापेठेतल्या आमच्या टेलरकडे दोन कापडं आणि एक मापाचा ब्लाउज नेऊन टाकायची. "दोन्ही याच्यावरच ना ताई?" एवढंच तो विचारायचा, मशीनवरून मान वर न करता. दोन लेकरं तिला, दोन मला. दोघींनी अंगावर पाजलं. सारख्याच भरलो आणि सारख्याच ओघळलो. तिचं खाली येत होतं तोवर मला माझ्याचं काही वाटत नव्हतं, हे खरं आहे. सोबतीला कोणी असलं की म्हातारपणही गोड लागतं.

तिचं अकोल्यात घरातच ब्युटी पार्लर आहे. दिवाळीनंतर तिचा फोन आला.

"ताई, मी उचलून घेऊन राहिली."

"काय?"

"छाती. ऑपरेशन करून. पाह्यलं मी सारं, डॉक्टरीनबाईले भेटून आली."

मला आधी थट्टाच वाटली. पण तिने अमरावतीचीच डॉक्टर निवडली होती, कारण जुन्या शहरात एका गल्लीत शिंकलं तर दुसऱ्या गल्लीत काढा उकळतो. सासरी सांगितलं, पाठीचा उपचार आहे. खरं फक्त तिच्या नवऱ्याला आणि मला माहीत. ऑपरेशननंतर ती माझ्याकडे राहणार होती. माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी तिचा नवरा बाहेर बाकड्यावर संत्री सोलत बसला होता. एक एक फोड सोलायचा, बी काढायचा आणि अर्धी मला द्यायचा. मध्येच म्हणाला, "ताई, ती लई दिवसाची मागं लागली होती. तिले बरं वाटलं म्हंजे झालं." माझा जळफळाट तिथून सुरू झाला. तिच्या छातीवरून नाही, त्या संत्र्याच्या फोडीवरून. कारण काही वर्षांपूर्वी मी माझ्या नवऱ्याला सहज म्हटलं होतं की असं काहीतरी करतात म्हणे आजकाल. त्याने पेपरातून डोकं काढून विचारलं होतं, "आता या वयात कोनाले दाखवाचं हाय?" आणि चहा मागितला होता. माणूस वाईट नाही तो. न सांगता माझ्या गोळ्या आणून ठेवतो. पण ते वाक्य काही गिळलं गेलं नाही.

पुढचे काही आठवडे मी तिची सेवा केली. हात वर करायचे नव्हते तिला, म्हणून केस मी विंचरायची. समोरून हुकाची घट्ट बनियनसारखी ब्रा दिवसरात्र घालायची होती, तीही मीच चढवायची. पहिल्यांदा पट्टी निघाली तेव्हा मी पाहिलं. बोंडाभोवती गोल काप, तिथून खाली सरळ उभी रेघ, आणि खालच्या घडीत एक आडवी. उलटा टी म्हणा. सूज होती, कातडी कुठे निळी, कुठे पिवळी. सगळं बघून मी मनात म्हटलं, घे. हौस भारी!

जिथे उभी रेघ आडवीला मिळत होती, तिथे एका बाजूला जखम उघडली आणि ओली राहिली. डॉक्टर म्हणाली, तिथे ताण जास्त पडतो, होतं असं, भरून येईल. बहीण मात्र रडकुंडीला आली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, भरून येईल म्हटलं, आणि आतून मला बरं वाटत होतं. आता हिला पण माझ्यासारखी गाठ उठेल, असं मला वाटत होतं.

माझ्या कानाचं सांगायचं राहिलं. शाळेत असताना आम्ही दोघींनी वरचं दुसरं भोक एकाच दिवशी पाडून घेतलं, एकाच सोनाराकडे, एकाच तारेने. तिचं आठवड्यात वाळलं. माझ्या कानावर आधी चण्याएवढी गाठ आली. कापून काढली तर बोराएवढी होऊन परत आली. तेव्हापासून मी केस कानावरून घेते. आईला वाटायचं, सोनाराचा हात जड होता. पण हात तर दोघींना एकच लागला होता! तर मला वाटलं, आईची कातडी दोघींना सारखीच मिळाली असेल, कानावर नाही तर छातीवर तरी बाहेर येईल.

नाही आली.

फेब्रुवारीत मी अकोल्याला गेले. तिने पार्लरचं दार लावलं, पडदा ओढला आणि मला खुर्चीसमोर बसवलं. डाग पुसट होईपर्यंत नवऱ्याला उजेडात दाखवायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि खालच्या घडीतलं तिला आरशात नीट दिसत नव्हतं. म्हणून तपासणी माझ्याकडे.

"सांग, कसं हाय. खोटं नको बोलू."

मी पाहिलं. ओली राहिलेली जागा भरली होती. रेघा गुलाबी होत्या, बारीक होत्या आणि सपाट होत्या. आणि वरचं सगळं, काय सांगू, दोन्ही बाजू जागच्या जागी, कॉलेजात असताना होत्या तशा. तिच्याही आणि माझ्याही. माझंच जुनं अंग कोणीतरी तिला देऊन टाकल्यासारखं मला वाटलं. मी डागाचं मलम बोटावर घेतलं आणि रेघेवरून फिरवलं. मग परत फिरवलं. थोडं दाबलं.

"काय चाचपून राहिली?"

"काही नाही."

"गाठ पाहून राहिली ना? जळून राहिली का, ताई?"

आमच्या वऱ्हाडात माणूस असं तोंडावर विचारतो, मग लपायला जागा उरत नाही.

"हो," मी म्हटलं.

तिने मलमाची ट्यूब माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "जळ. पन मलम नीट लाव."

दोघी हसलो. ती जास्त वेळ हसली.

परत आल्यावर त्याच आठवड्यात मी त्याच डॉक्टरकडे गेले. घरी सांगितलं, दात दाखवायला जाते. डॉक्टर माझ्याहून बरीच लहान असावी. तिने टेप लावून मोजलं, आरशात दाखवलं. म्हणाली, थोडंसंच उतरलं असेल तर बोंडाभोवतीच्या गोल कापावर भागतं, व्रण त्या गडद कडेत लपून जातो. त्याहून जास्त असेल तर गोल आणि खाली उभी रेघ. माझं बोंड घडीच्या खाली गेलं होतं, कातडी खूप सुटली होती, म्हणजे मला बहिणीसारखाच पूर्ण उलटा टी लागेल. व्रण पहिले काही महिने लाल, उठून दिसणारे, पुढे वर्ष-दीड वर्षात फिके. पूर्ण जात नाहीत कधीच. संवेदना थोडी कमी होऊ शकते, आणि वय आपलं काम करतच राहतं. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. मला सगळं कबूल होतं. मनात मी एप्रिलच्या सुट्ट्यांचा हिशेब लावून मोकळी झाले होते, आणि बहिणीला कळवायचंच नाही, एकदम समोर उभं राहायचं, असंही ठरवलं होतं.

मग तिने विचारलं, "आधी कुठली जखम झाली, टाके पडले, तर व्रण कसे राहिलेत?" आणि माझा हात आपोआप कानाकडे गेला.

तिने केस बाजूला केले. बराच वेळ पाहिलं.

"एकदा काढली होती का ही?"

"हो."

"आणि मोठी होऊन आली."

"हो."

"ताई, कानावर एवढंसं भोक होतं. मी तुमच्या छातीवर केवढा काप घेणार आहे बघा. छातीची कातडी तर या बाबतीत जास्तच वाईट. प्रत्येक रेघ अशी उठू शकते, खाजू शकते, दुखू शकते. हट्टच असेल तर आणखी एकाचं मत घ्या. मी तुम्हाला करा म्हणणार नाही."

"माझ्या बहिणीला तर काहीच झालं नाही," मी म्हटलं. शाळकरी पोरीसारखा आवाज निघाला माझा.

"तिची कातडी वेगळी," ती म्हणाली.

बाहेर येऊन मी ऑटोत बसले आणि रडले. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं आणि गाणं बंद केलं. एक आई, एक सोनार, एक टेलर, आणि कातडी तेवढी वेगळी!

मार्च आला. या वर्षी पहिल्यांदा बहिणीने स्वतःचा मापाचा ब्लाउज पाठवला. मी टेलरला बजावून सांगितलं, हा तिचा, हा माझा, माप आता वेगळं आहे. त्याने हो हो म्हटलं आणि दोन्ही ब्लाउज कापडांसकट एका पिशवीत कोंबले. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी पिशवी घरी आली. सकाळी बहीण पोराबाळांसकट आली, आंघोळी झाल्या, आम्ही दोघी आतल्या खोलीत तयार व्हायला गेलो.

मी हुक लावले. दंडाला बसला, पाठीला बसला. पण पुढून कापड वर रिकामं ताठ उभं होतं, आणि मी त्याच्या खाली. इतक्या वर्षांच्या सवयीने टेलरने दोन्ही ब्लाउज एकाच मापावर शिवले होते. वरती जो हाताला लागला तो मापाचा. तिचा.

आरशात आम्ही दोघी दिसत होतो. तोच ब्लाउज तिच्या अंगावर होता आणि माझ्या अंगावर होता. मला वाटलं ती हसेल. हसली असती तर मी त्या दिवशी मिरवणुकीला गेलेच नसते.

ती वाकली आणि बॅगेतून मागच्या वर्षीचा पांढरा ब्लाउज काढला. "टेलरचा भरोसा नव्हता, म्हनून जुना घेऊन आली होती मी, माह्यासाठी. हा घाल. तुह्याच मापाचा हाय."

मी घातला. अंगात चपखल बसला. काखेत तिच्या घामाचा पिवळा डाग होता.

"हा नवा मी नेतो मंग," तिने माझ्या कापडाचा ब्लाउज घडी करून बॅगेत टाकला. "तुह्या कोन्या कामाचा?" बरोबरच होतं ते. तरी माझा तिळपापड झाला. तिला नवे दोन, आणि मला तिने टाकलेला!

आम्ही निघालो. रस्ताभर निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, डोक्यावर ऊन. आईची एक जुनी मैत्रीण भेटली. दोघींचे गाल कुरवाळून म्हणाली, "माय गेली तुमची, पन पोरीइचं माप अजून एकच हाय बाई."

माझा चेहरा पडला असणार. कारण त्याच क्षणी बहिणीने पदराची पिन काढली आणि पदर दोन्ही खांद्यांवरून पुढे ओढून घेतला, गळ्यापासून कमरेपर्यंत. "हो ना मावशी, एकच," ती म्हणाली, आणि तशीच गुंडाळलेली चालायला लागली. त्या उन्हात तिच्या कपाळावरून घाम गळत होता. मला आधी कळलं नाही. मग कळलं की ती झाकून चालली आहे, माझ्यासाठी. ज्यासाठी एवढं कापून घेतलं, रडली, महिनोन्‌महिने अंधारात कपडे बदलले, ते.

छाती तिची चांगली, कातडी तिची चांगली, नवरा तिचा चांगला. आता मनही तिचंच चांगलं निघालं. हे मात्र मला सहन झालं नाही.

"काढ तो पदर," मी म्हटलं.

"राहू दे ना, ताई."

"काढ म्हनतो ना! मी का झाकून ठेवाले लावलं एवढं मलम?"

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते तिचे, की घाम होता, कोण जाणे. मीच तिचा पदर खांद्यावर घेतला, सारखा केला आणि तिच्या हातातली पिन घेऊन लावून दिली. तिने माझे केस कानावरून नीट घेतले. मग आम्ही गर्दीत शिरलो. लोक तिच्याकडे बघत होते, आणि मीही बघत होते, जळत.