दोनदा ‘बसली’

आमच्या ह्यांना सगळे ‘थांबा मिस्त्री’ म्हणतात. अडतीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले, पण कुठलाही बोल्ट सैल करण्याआधी तोंडातून ‘थांबा’ निघणारच. ताटात वाढायला गेलं तरी ‘थांबा’. मी म्हणते, अहो, भात काय अंगावर कोसळणार आहे?

ट्रॅक्टर मात्र कोसळतो. क्लच गेला की तो मधोमध सोडवावा लागतो, इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे. दोन्ही अर्ध्यांखाली टेकू द्यायचे, मागची चाकं दगड लावून अडवायची. तरी एक भीती उरते. पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनेवर झुलतो, शेतातल्या खड्ड्यांत चाकं खालीवर व्हावीत म्हणून. मागचा जोड सुटला की इंजिन त्याच पिनेवर कुशीला कलंडतं. म्हणून ॲक्सल आणि इंजिनाच्या मधल्या खाचेत दोन्हीकडून लाकडी पाचर ठोकायची. ते काम माझं. एक घट्ट झाली की मी ओरडायचं, ‘बसली’. पलीकडे जाऊन दुसरी ठोकायची, ‘बसली’. दोन ‘बसली’ कानावर पडल्याशिवाय शेवटचा बोल्ट काढायचा नाही. इंजिनांच्या आवाजात ह्यांचे कान गेले, पण तेवढा एक शब्द पोचायचा.

गेल्या महिन्यात आमच्या लग्नाइतकाच जुना ट्रॅक्टर आला. त्याच्या मालकीणबाई शेत एकट्या सांभाळतात, दुसऱ्या दिवशी नांगरट होती. सकाळपासून बसल्या होत्या अंगणात डब्यावर. मी पहिली पाचर ठोकली, ‘बसली’ म्हटलं आणि गुडघे धरत पलीकडे गेले. दुसरी खाचेत नुसती टेकवली, हातोडा उचलायचा होता.

तेवढ्यात मालकीणबाई फोनवर ओरडल्या, “हो हो, बसली! बसली एकदाची!”

ह्यांनी शेवटचा बोल्ट काढला आणि पहार घालून जोड उघडला.

इंजिन माझ्या बाजूला वीतभर कललं, खालचा जॅक निसटला. ह्यांचा पाय तिथंच होता. पण ती नुसती टेकवलेली पाचर दातांत काडी अडकावी तशी चेंगरली आणि इंजिन तिच्यावर थांबलं. पाय निघाला. चप्पल राहिली.

“तू म्हणालीस ना, बसली!”

“मी कशाला म्हणू? ह्या बाई म्हणाल्या.”

“अहो, मुलगी बसली माझी,” मालकीणबाई रडकुंडीला आल्या. “बसमध्ये!”

हे भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, “आता पुरे झालं गं.” मीही मनात तेच म्हणत होते. पण ट्रॅक्टर दोन तुकडे होऊन अंगणात पडलेला. पुरे म्हणून कुठं जाणार? दोन जॅक लावून इंजिन सरळ केलं, पाचर ठोकली, क्लचची नवी प्लेट बसवली. जोडताना तीन बोटं फट राहिली.

“बोल्ट आवळून ओढून घ्या ना,” मालकीणबाई म्हणाल्या.

“थांबा. जबरदस्तीनं ओढलं की तडकतं.” ह्यांनी इंजिनाची पुली हातानं कणभर फिरवली. आतले दाते जुळले आणि दोन्ही अर्धे नुसत्या ढकलण्यानं एक झाले. मी सवयीनं ‘बसली’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“तो शब्द आता नको,” हे म्हणाले. “दोन्हीकडचं झालं की इकडे ये, पाठीवर हात ठेव.”

‘पुरे झालं’ म्हणालेला माणूस आठवड्यानं पुन्हा ट्रॅक्टरखाली. मी इकडची पाचर ठोकते, तिकडची ठोकते, मग सगळ्या ट्रॅक्टरला वळसा घालून येते. गुडघे बोलतात. ह्यांचा सदरा घामानं ओला असतो, पाठीची हाडं तळव्याला लागतात.

“काढू?” हे विचारतात.

मी हात तसाच ठेवते.