श्रावणात अमाइनचा वास

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी कोअर शॉपला आहे. कोअर म्हणजे लोखंडी भागाच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. वाळूत रेझिन कालवायचं, पेटीत भरायचं आणि आतून अमाइनचा वायू सोडायचा. आत्ता बोटांतून निसटणारी वाळू कपात चहा ओतेस्तोवर दगड होते. मला त्या वायूचं लई कौतुक आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्याला शिव्याच घालणार आहे.

ट्रायएथिल अमाइन त्याचं नाव. दिसायला पाणी, उडून जायला उतावळं, आगीजवळ अजिबात न्यायचं नाही. औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यांतही लागतं म्हणे. जास्त गळालं तर डोळ्यांपुढं निळसर धुकं येतं आणि दिव्याभोवती कडं दिसतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्याला वास येतो मासळीचा, आणि तोही तीन दिवस पिशवीत विसरलेल्या मासळीचा.

श्रावणातल्या एका शनिवारी येळ्ळूरला मुलगी बघायला जायचं ठरलं. याआधी तीन ठिकाणी मला नकार आला होता. ही मुलगी तर फोटोतच इतकी आवडली होती, की फोटो बघताना मी शर्टाची कॉलर नीट करायचो. घर माळकऱ्यांचं. आईनं बजावलं होतं, "त्यांच्यात अंडंबी चालत न्हाय. तोंड सांभाळून बोल."

तोंड सांभाळलं, पण नशीब कोण सांभाळणार? त्याच दिवशी पहिली पाळी सुटता सुटता वायूची नळी निसटली आणि सगळा वास माझ्या अंगावर. घरी जायला वेळ नव्हता. नळावर गेलो आणि धुण्याचा सोडा घेऊन डोकं, हात, मान खसाखसा घासली. सुपरवायझर लांबून ओरडला, "सोडा नको रं, सोड्यानं वास आणखी उठतोय. आंबट काय तरी लाव." वायू पकडायच्या टाकीत आम्ही पातळ ॲसिडच वापरतो, आंबटात अमाइन गपगार बसतं, हे मला पाठ होतं. पण घाईत अक्कल चरायला गेली होती. वरून अत्तर मारलं आणि निघालो.

येळ्ळूरात आई माझ्या आधीच पोचली होती. मुलीचे वडील समोर बसले, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. मुलगी पोहे घेऊन आली आणि दारातच थबकली. मग तिच्या आईनं पदर नाकाला लावला. श्रावणात, त्या घरात, मासळी.

पहिल्यांदा आळ मांजरावर आला. काठी घेऊन मुलीच्या आईनं त्याला कणगीमागून हुसकलं, परसापर्यंत पळवलं. बिचारं दूध पिऊन झोपलं होतं. मी मान खाली घालून पोहे चिवडत बसलो. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती की हीसुद्धा मुलगी जाणार.

शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "मांजराला मारू नका. वास माझा हाय." आणि वाळू, रेझिन, अमाइन सगळं सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला. मुलीची आई म्हणाली, "गॅसला कुठं मासळीचा वास येतोय व्हय? कॅम्पातल्या हाटेलात मासळी खाऊन आलासा, आणि वर कारखान्याचं नाव सांगतासा."

"लिंबू द्या," मी म्हणालो. "लिंबानं अमाइनचा वास बसतो. आत्ता दाखवतो."

मुलगी पळत जाऊन लिंबू घेऊन आली. सगळ्यांसमोर मी हातांना, मानेला, केसांना लिंबू चोळलं. बिया कानात गेल्या. थोड्या वेळानं हात पुढं केला. मुलीनं सगळ्यांच्या आधी वास घेतला आणि म्हणाली, "गेला की." माझा जीव भांड्यात पडला.

पण तिचे वडील माळेशी चाळा करत शांतपणे बोलले, "त्यानं काय सिद्ध हुतंय पाव्हणं? खऱ्या मासळीचा वासबी हाताला लिंबू चोळलं की जातोयच."

मुलीची आई हळूच वळली. "तुमाला कसं ठाऊक?"

"ऐकलंय," ते म्हणाले. मग एकदम उठून माझ्या आईला म्हणाले, "पोरगा खरं बोलणारा हाय. आम्हाला पसंत हाय. पोरी, साखर आण बघू, लौकर."

असं माझं लग्न ठरलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी साखर खाताना मला रडू आलं.

आता सासरे दर बुधवारी "जावयाला भेटून येतो" म्हणून घरातून उद्यमबागला निघतात. परत आल्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं की म्हणतात, "त्यांच्या कारखान्यात गेलतो न्हवं, तितला गॅस हाय त्यो."

उद्यमबागेत ते अजून एकदाही आलेले नाहीत.