काळी एकच्या थोडं वर

वाशिंदच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. आमच्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी नको असलेलं सामान वाटून टाकलं. त्यात मला पियानोची एक परदेशी कॅसेट मिळाली. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. सापगावच्या आमच्या घरी त्याच महिन्यात नवा टेपरेकॉर्डर आला होता. कॅसेटवरची पहिलीच रचना वॉल्ट्झ होती आणि तिच्यापुढे वेळ छापली होती: चार मिनिटं वीस सेकंद.

माझ्या वडिलांनी, दादांनी, चाळीस वर्षं जयंतीला गावोगाव जाणाऱ्या गायन पार्टीत पेटी वाजवली होती. कुठलाही आवाज ऐकला की पेटीवर त्याची पट्टी शोधायची, ही त्यांची सवय. एसटीच्या भोंग्याची आणि आईच्या मिक्सरची पट्टी आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. वॉल्ट्झ लावला तसे ते पेटी पुढे ओढून बसले. पियानोचा डावा हात एक जड आणि दोन हलके असे ठोके देत होता.

"अर्धा दादरा हाय रे हा," ते म्हणाले आणि पट्टी शोधू लागले. ती सापडेना. काळी एक दाबली की टेप थोडी वर, पुढची पांढरी दोन दाबली की थोडी खाली. दोन्ही सूर एकमेकांवर घासताना मलाही ऐकू येत होते.

दादांनी भाता मिटला. "पेटी उतरलीय. आणि मला कळलंच नाय. कान गेला माझा."

छापील कॅसेटवरचा पियानो चुकेल, हे त्यांच्या मनातही येईना. पेटी मुरबाडला नेऊन सगळे सूर चढवून घ्यायचे असं त्यांनी ठरवलं. सूर चढवायचा म्हणजे आतली पितळेची पातळ जीभ खरवडायची. खरवडलेलं पितळ परत येत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी पार्टीला निरोप धाडला, दुसरा पेटीवाला बघा.

"चाळीस वर्षं लोकांनी ऐकलं ते काय बहिरे होते?" आई म्हणाली.

"तू गप गो. तुला काय कळतंय?"

"मला मिक्सरची पट्टी कळते. तुमीच शिकवलीव."

मला सुरातलं कळत नव्हतं, म्हणून मला जमतं ते केलं. हातातल्या घड्याळावर वॉल्ट्झ तीनदा मोजला. चार बारा, चार बारा, चार तेरा. मग त्याच बाजूची दुसरी रचना मोजली. छापील वेळ सहा चाळीस, माझी सहा अठ्ठावीस. विजेवर आणि सेलवर तेच आकडे आले. दोन्हींत शंभराला तीनचा फरक. मशीन पळत होतं, आणि पळणाऱ्या मशीनचा सूर चढतो.

दादांना सांगितलं तर म्हणाले, "बापाचा कान राखायला नव्या मशीनला नावं ठेवतोस व्हय रे?"

रविवारी ते पेटी घेऊन निघाले. मी टेपरेकॉर्डर काखेत मारून त्यांना आधी शहापुरात रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यात वेगाचा स्क्रू असतो, असं त्यानं दाखवलं. मी एक अट घातली. स्क्रू फक्त घड्याळ बघून फिरवायचा, पेटीचा भाता उघडायचा नाही. दादांना पेटीसकट समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं, नाहीतर मी मशीन पेटीला जुळवलं असं ते जन्मभर म्हणाले असते.

"चार मिनिटं उभं राहायचं? परत परत?" दुरुस्तीवाला वैतागला. "काय माणूस आहे!"

पहिल्यांदा चार सव्वीस आलं, मग चार अठरा. तिसऱ्या खेपेला चार वीस. मी दादांना हाक मारली.

ते आले. टेप सुरू झाली. त्यांनी अंदाज न घेता, एका बोटानं काळी एक दाबली. घासणं नव्हतं. पेटीचा सूर पियानोत असा शिरला की पेटी वाजते आहे की नाही हे कळेना. दुरुस्तीवाल्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. दादांचं बोट तिथेच राहिलं.

पण मी थक्क झालो ते वेगळ्याच गोष्टीनं. आठवडाभर मी ती रचना ऐकत होतो आणि मला ती चटपटीत, जराशी घाईची वाटत होती. आता तीच उदास होती. पहिल्या ठोक्यानंतर उरलेले दोन जणू पाऊल टाकावं की नको असे येत होते. मी आठ सेकंद परत केले होते, तेही साऱ्या चार मिनिटांत पसरलेले; कुठल्याही एका जागी बोट ठेवून दाखवता येणार नाहीत इतके थोडे. एवढं दुःख त्यांत कसं मावलं होतं, याचा हिशेब मला आजही लागलेला नाही.

"आधी कोनीतरी ढकलत होता त्याला," दादा म्हणाले. "आता आपला आपण चाललाय."

मी म्हटलं, "मुरबाडला जायचं का?"

"कशाला?" त्यांनी भाता मिटून आकडा लावला. "पार्टीच्या म्होरक्याच्या घरावरनं जाऊ. निरोप मागं घ्यायचाय."

सापगावपर्यंत पेटी त्यांच्याच खांद्यावर होती. मी दोनदा हात पुढे केला, दोन्ही वेळा त्यांनी दिली नाही.